उर्सुलाबाई जाधवांचे बटाटे

मला जर्मन येतं, असं मी जिथं तिथं सांगत असतो. खरं म्हणजे बटाटा, कांदा, काकडी, उशीर आणि माफी एवढेच शब्द मला त्या भाषेत नीट येतात. पहिले तीन उर्सुलाबाई जाधवांनी शिकवले. उरलेले दोन त्यांच्यामुळे शिकावे लागले.

औरंगपुऱ्यात भांड्यांच्या एका दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर संध्याकाळी सहाला त्यांचा क्लास भरायचा. मी वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटी खात्यात आहे. म्हणजे दिवसभर दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढतो. साहेबांनी एकदा जाहीर केलं, की ज्याला थोडंफार जर्मन येईल त्याला तीन आठवडे तिकडं ट्रेनिंगला पाठवू. त्याच संध्याकाळी मी बजाजनगरहून गाडी हाणत निघालो. गल्लीत गाडी लावायला जागा मिळेना. जिना चढून वर गेलो तर दार बंद. वाजवलं. दार उघडलं ते पांढरा अंबाडा, निळे डोळे, सुती साडी आणि पायात पळायचे बूट अशा बाईंनी. मी घाईघाईनं इंग्रजीत वाक्य जुळवायला लागलो.

"किती वाजले?" बाईंनी विचारलं.

"सहा."

"सहा नाय. सहा अन् चार. उशीर म्हंजी चोरी हाय बाबा. दुसऱ्याची मिन्टं उचलायची अन् ट्राफिकचं नाव सांगायचं. ट्राफिक काय आज पैल्यांदा आली व्हय औरंगपुऱ्यात?"

मी ट्रॅफिकचं नाव अजून घेतलंही नव्हतं. ते ओठावर होतं, ते तिथंच गिळलं. त्या दिवशी मला क्लासमध्ये घेतलं नाही. पायरीवर बसून दारामागचा धडा ऐकायची परवानगी मात्र मिळाली. धडा बटाट्यावर होता.

त्यांची हकीगत थोडक्यात अशी. जाधवसाहेब चितेगावच्या पुढच्या एका खेड्यातले, घरची बरी शेती. तरुणपणी ते यंत्रांचं काम शिकायला जर्मनीत गेले आणि येताना काम शिकून आणि उर्सुलाला घेऊन आले. सासूबाईंनी उंबऱ्यावर माप ओलांडायला लावून तिचं नाव उषा ठेवलं. सासूला मराठीखेरीज काही येत नव्हतं आणि सुनेला मराठी सोडून सगळं येत होतं. शेवटी सुनेनं माघार घेतली. त्यामुळे मावशींचं मराठी शाळेतलं नव्हतं, चुलीपुढचं होतं. आम्ही सगळे त्यांना मावशीच म्हणायचो. आमच्या घरी माझी मुलं पुस्तकी मराठी बोलतात आणि या बाई 'लई' आणि 'व्हय' म्हणतात, हे पाहून माझ्या आईनं एकदा विचारलं होतं, "यांच्यातली परदेशी कोण?"

शनिवारी क्लास त्यांच्या घरी, स्वयंपाकघरात भरायचा. भाषा पोटातून शिकायची असते असं त्यांचं मत. माझ्या पोटात जागा भरपूर होती, तरी भाषा काही उतरली नाही. तिथं दोन नियम होते. एक, बटाटा सालासकट उकडायचा आणि गरम असतानाच नुसत्या हातानं सोलायचा. "गरम बटाटा ऐकतो. गार झाला की कुणाचं ऐकत नाय," असं त्या म्हणायच्या. दुसरा, सगळे बसल्याशिवाय आणि 'सावकाश होऊ द्या' अशा अर्थाचे दोन जर्मन शब्द म्हटल्याशिवाय कुणी चमच्याला हात लावायचा नाही. मी पहिल्याच शनिवारी दोन्ही नियम मोडले. बटाटा सांडशीनं धरून सोलला आणि सोलता सोलता अर्धा खाल्ला.

कोबी आंबवून टिकवायची त्यांच्याकडं पद्धत. लग्न होऊन आल्यावर त्यांनी सासूबाईंच्या लोणच्याच्या बरणीत मीठ घालून कोबी दाबून ठेवला. तिकडं ज्याला महिना लागतो ते आपल्या मे महिन्यात चार दिवसांत झालं. घरभर वास सुटला. सासूबाईंनी बरणी उचलून उकिरड्यावर रिकामी केली. मावशींनी परत घातला. परत उकिरडा. तिसऱ्यांदा मावशींनी बरणी ओल्या पोत्यात गुंडाळून माठाशेजारी, अंधारात लपवली. सासूबाईंनी ती शोधून काढली, पण या वेळी फेकायच्या आधी बोट बुडवून चाटलं.

"मंग?" आम्ही विचारलं.

"मंग काय. म्हंल्या, लई आंबट हाय, सडकं हाय, माणसानं खावं असं नाय. अन् अजून वाढ म्हंल्या." मावशी हसल्या. "त्या दिवशी त्यांनी मला लोणचं घालाया शिकवलं. मिठाचं माप मुठीनं. तेच माप अजून हाय."

आता माझ्या एका खोडीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं. कुठलाही पदार्थ पुढं आला की तो मूळचा कुठला, हे मी विचारल्याशिवाय सांगतो. समोसा इराणकडचा, मिरची समुद्रापलीकडची, आणि बाकी उरलेलं सगळं आपल्याकडचं. हे ज्ञान मी कुठून मिळवलं, असं कुणी विचारत नाही म्हणून बरं.

त्या वर्षी चोवीस डिसेंबरला मावशींनी आम्हाला जेवायला बोलावलं. मी आणि रुखसाना. रुखसाना शहागंजातली, नर्सिंग शिकलेली, जर्मनीत नोकरीला जायचं म्हणून आमच्या क्लासला येणारी. क्लासमधली हुशार तीच. नाताळची आदली रात्र, जर्मन घर, म्हणजे मेजवानीच, असा हिशोब करून मी दुपारचा डबा कॅन्टीनमध्ये वाटून टाकला. भरलेली अख्खी कोंबडी आणि तीन मजली केक माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

घरात कुंडीतल्या झाडाला कागदाचे तारे लावले होते. मेणबत्त्या लागल्या, मावशींनी एक गाणं म्हटलं, छोटी घंटा वाजवली. त्याआधी त्यांनी मला एक काम दिलं होतं. सिरक्यात मुरवलेल्या काकड्यांची बाटली उघडून काकड्या बाहेर काढायच्या आणि पाणी मोरीत ओतून टाकायचं. ते मी फार मन लावून केलं. मग जेवण आलं. बटाट्याच्या चकत्यांचं सॅलड आणि प्रत्येकी दोन सॉसेज. कोंबडीचे, रुखसानासाठी हलाल दुकानातून आणलेले. बस.

मी स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहत राहिलो. रुखसानानं कोपर मारलं आणि कुजबुजली, "क्या देख रै भाई, येइच है. खा लो."

मावशींच्या नजरेतून काही सुटत नसे. "कोंबडी शोधतोय का गायकवाड? आमच्याकडं या रातीला हेच. दिसभर झाडलोट, झाड सजवा, देवळात जा. आईनं चुलीपाशी कवा बसायचं? बटाटे आधी करून ठिवले की झालं. सण आईचा बी असतो ना?"

मला दिवाळीत पहाटेपासून कढईपुढं बसलेली आई आठवली. पण गप्प बसलो तर तो मी कसला. मी सांगून टाकलं, की हे सॅलड म्हणजे मूळची आपली बटाट्याची कोशिंबीर, फक्त दही विसरलेली.

"आरं, बटाटा तुमचा बी नाय अन् आमचा बी नाय," मावशी म्हणाल्या. "दोघांच्या घरी पाव्हणा आलेला. आमच्याकडं तर लोक खाईनात. मंग म्हंत्यात, एका राजानं बटाट्याच्या शेताला शिपाई बसवले. लोकांना वाटलं काहीतरी मोलाचं हाय, अन् रातच्याला चोरून नेलं. चोरलेलं कायबी गोड लागतं."

हे शेवटचं वाक्य तेव्हा मी वहीत लिहून घेतलं होतं. पुढं ते मलाच लागू पडणार आहे, हे माहीत नव्हतं.

मग त्यांनी स्वतःच्या ताटातला एक घास घेतला, डोळे मिटून चावला आणि मान हलवली. "नाय. आईचं नाय झालं." दर वर्षी असंच व्हायचं म्हणे. सूप, सिरका, मोहरी, कांदा, सगळं तेच, पण आईच्या हातची चव काही येत नव्हती. ती चव ठाऊक असलेलं एकच माणूस उरलं होतं, त्यांची धाकटी बहीण गेर्डा. ती आईच्याच गावात, आईच्याच घरात राहत होती. आई गेली तेव्हा मावशींना जाता आलं नाही, इथं जाधवसाहेब शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळलेले. बहिणीनं ते मनात धरलं. अठरा वर्षं पत्र नाही, फोन नाही.

फेब्रुवारीत माझं ट्रेनिंग ठरलं. क्लासमधल्या कुणालाच हे खरं वाटेना, मलाही नाही. मावशींनी मला घरी बोलावून काचेची एक बरणी हातात दिली. कैरीचं लोणचं, वर फडकं बांधलेलं. गेर्डा एकदाच इकडं आली होती, तेव्हा सासूबाईंच्या हातचं हे लोणचं तिला फार आवडलं होतं.

"दुसऱ्या रविवारी तिच्याकडं जायचं. बारा वाजता. बारा म्हंजी बारा. ही बरणी द्यायची, अन् ती बटाटे वाढंल ते खायचे. अन् मला येऊन सांगायचं, माझ्यात काय कमी हाय. लक्षात ठिवशील ना?"

"मावशी, हे काय सांगणं झालं!" मी म्हणालो.

घरी मी जाहीर केलं होतं, की तिकडं गेल्यावर मी फक्त तिथलंच अन्न खाणार. ज्याला पदार्थांची मुळं शोधायची त्यानं मुळाशी जायला हवं, वगैरे. सुनीतानं, म्हणजे बायकोनं, बॅगेत छोटा कुकर, तांदूळ, मुगाची डाळ आणि शेंगदाण्याची चटणी भरली. "असू द्या," एवढंच म्हणाली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी थंड पाव, थंड चीज आणि थंड काकडी पाहून माझा मुळांचा शोध संपला. गेस्ट हाऊसच्या खोलीत कुकरची शिट्टी झाली. पाचव्या दिवशी चटणी संपली. सहाव्या दिवशी मी बरणीचं फडकं सोडलं. फक्त वास घ्यायचा होता. मग एक फोड. एका फोडीनं बरणी कमी दिसत नाही. दुसरीनंही दिसत नाही. शुक्रवारी अर्धी झाली तेव्हा मी स्वतःला समजावलं, की म्हाताऱ्या बाईला एवढं तिखट सोसेल का? शनिवारी तळाचा खार पुसून खाल्ला. दिवसभर दुसऱ्यांच्या मालाची मोजमापं घेणारा मी, माझी स्वतःची तपासणी अशी झाली.

रविवारी सकाळी मी रिकामी बरणी धुऊन पुसून पलंगावर ठेवली आणि तिच्यापुढं बसलो. बाहेर बर्फ होतं. गाडी दोन ठिकाणी बदलायची होती, आणि माझं जर्मन तर तुम्हाला माहीतच आहे. रिकाम्या हातानं कसं जायचं? बारा वाजले. मी खिचडी टाकली.

परत आल्यावर मावशींनी दारातच विचारलं, "गेला व्हतास?"

"गेलो होतो."

"बटाटे?"

"अगदी तुमच्यासारखे, मावशी. काही म्हणजे काही फरक नाही."

"अन् लोणचं?"

"त्यांना फार आवडलं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या."

डोळ्यांतलं पाणी मी पदरचं घातलं. मावशी खुर्चीवर बसल्या. कितीतरी वेळ पदरानं चष्मा पुसत राहिल्या. मला वाटलं, चला, एका म्हातारीला समाधान दिलं. खोटं बोलणाऱ्याला स्वतःची पाठ थोपटायला फार वेळ लागत नाही.

महिन्याभरानं शनिवारी मला एकट्यालाच बोलावणं आलं. चार वाजता. चार वाजता त्यांच्याकडं कॉफी आणि सफरचंदाचा केक असतो, म्हणून मी चारला पाच कमी असतानाच पोचलो. टेबलावर केक नव्हता. एक पत्र होतं, निळ्या शाईत, गिचमिड अक्षरात.

"वाच," मावशी म्हणाल्या. "अन् मराठीत सांग. आज तुझी परीक्षा हाय."

मी बोट ठेवून वाचायला लागलो; अडेल तो शब्द मावशी सांगत होत्या. "प्रिय उर्सुला. तुझी... दोन्ही पत्रं मिळाली."

"दोन. एक मी तू जायच्या आधीच धाडलं व्हतं, की माझा माणूस येतोय म्हून. दुसरं तू आल्यावर. पुढं."

"पहिलं पत्र आल्यावर मी... रविवारी टेबल मांडलं. आईच्या ताटल्या काढल्या." मी बोट पुढच्या ओळीवर नेलं. "बारा वाजता कुणी आलं नाही. एक वाजता कुणी आलं नाही. मी खिडकीत..."

"पुढं."

"मी खिडकीत बसून होते. संध्याकाळी बटाटे शेजाऱ्यांना दिले. लोणचं कसलं? मला लोणचं मिळालं नाही." मी पाणी मागितलं. त्यांनी पाणी दिलं आणि पत्राकडं बोट दाखवलं. "तुझा माणूस म्हणतो की माझं सॅलड तुझ्यासारखंच लागलं. यावरूनच कळतं की तो खोटारडा आहे. तुझ्यासारखं कसं लागेल? काकडीच्या बाटलीतलं पाणी तू मोरीत ओततेस. तुझ्याकडं आले होते तेव्हा मी पाहिलं. आई ते पाणी गरम सूपात मिसळून बटाट्यावर घालायची. मी तेव्हाच सांगणार होते, पण तू विचारलं नाहीस. तू कधीच काही विचारलं नाहीस. तुझा जीव सदा दाराबाहेर."

पत्र संपलं होतं. खाली नुसतं नाव होतं. मी मान वर केली नाही. जर्मनमध्ये माफी मागायला तोंड उघडलं, ते जमेना, तेव्हा मराठीत सगळं सांगून टाकलं. सहावा दिवस, वास, पहिली फोड, सगळं. आयुष्यात एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

मावशींनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मीठ बरोबर झालं व्हतं का?"

"व्हय."

"अठरा वर्सांनी तिनं माझ्या नावानं टेबल मांडलं, गायकवाड. आईच्या ताटल्या काढल्या. अन् तू खोलीत खिचडी खात बसला." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "ऊठ. बटाटे उकडल्यात. सोल. सांडशी मिळणार नाय."

मी सोलले. बोटं पोळत होती, फुंकर मारायची हिंमत नव्हती. मावशींनी सूप तापवलं, काकडीची बाटली उघडली आणि ते पाणी, जे मी डिसेंबरात एवढं मन लावून मोरीत ओतलं होतं, ते सूपात घातलं. गरम चकत्यांवर ओतलं. झाकण ठेवलं. बटाटे मुरेपर्यंत मी सालं गोळा केली. मग त्यांनी झाकण काढलं आणि पातेल्यातूनच, उभ्या उभ्या, एक चकती उचलून तोंडात टाकली. मग दुसरी. मग तिसरी. सगळे बसल्याशिवाय चमच्याला हात लावू न देणाऱ्या मावशी ओट्यापाशी उभ्या राहून हातानं खात होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. या वेळचं पाणी मी पदरचं घातलेलं नव्हतं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "आईचं."

पुढच्या आठवड्यात त्यांनी तिकीट काढलं. या वयात एवढा प्रवास कशाला, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "पाव्हणा कबूल केला व्हता, तो आला नाय. मंग आता घरच्या माणसानं जायला नगं?"

त्या परत आल्या नाहीत. दोन महिन्यांसाठी गेल्या आणि तिकडंच राहिल्या. रुखसाना आता तिकडच्या एका इस्पितळात आहे. ती सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडं जायची. दोघी बहिणी दिवसभर मिठावरून भांडतात, असं फोनवर सांगायची. "एक बोली कम है, दूसरी बोली ज्यादा है. मैं बोली, दोनों चुप बैठो, मेरेकू भूख लगी." गेल्या थंडीत मावशी तिथंच, त्या घरात वारल्या. औरंगपुऱ्यातल्या त्या खोलीत आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. मी अजूनही सहाला दहा कमी असले की घाईत असतो. बायको म्हणते, आता कुठं जायचंय? तिला काय सांगू.

त्यांना चिकलठाण्याच्या विमानतळावर मीच सोडलं होतं. म्हणजे मी हट्टानं गेलो. सांगितलेल्या वेळेच्या वीस मिनिटं आधी त्यांच्या दारात गाडी उभी केली. नव्यानं घातलेल्या लोणच्याची बरणी, फडकं बांधलेली, त्यांनी सबंध वाटेत मांडीवर धरली होती. बॅगेत ठेवतो म्हटलं तर म्हणाल्या, "तू पुढं बघून गाडी चालव." उतरताना मी हात पुढं केला, तर बरणी त्यांनी दुसऱ्या काखेत घेतली. ते बरोबरच होतं. मीही मला दिली नसती.

दारावरच्या शिपायानं तिकीट आणि पासपोर्ट मागितला. मावशींनी पर्स उघडायचा प्रयत्न केला. एका हातानं चेन उघडेना. त्यांनी इकडं तिकडं पाहिलं. शेजारी रिकामी ट्रॉली होती, खाली स्वच्छ फरशी होती. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं, जरा वेळ पाहिलं, आणि बरणी माझ्या हातात दिली.

"धर," म्हणाल्या.

मी ती दोन्ही हातांनी धरली. त्यांनी सावकाश पर्स उघडली, सावकाश कागद काढले, शिपायाला दाखवले, परत आत ठेवले. त्यांना आयुष्यात कुठल्याच कामाला एवढा वेळ लागलेला मी पाहिला नव्हता. मग त्यांनी बरणी घेतली, फडक्याची गाठ तपासली, आणि आत निघून गेल्या.